नावेच्या मागचं फाटक

धिवरटोला, ता. अर्जुनी मोरगाव
८ मे २०२५

बुधराम इवाई,

रामराम घ्यायचा असन त घ्या, नाही त राहू द्या.

मी जमुना. पिंटूची माय, तुमच्या पोरीची सासू. तुम्ही आमच्या घरचं नावच घेत नाही, म्हणून कोण ते सांगावं लागून राहिलं. फोन केला होता, तुम्ही कापला. पुन्हा केला, पुन्हा कापला. म्हणून कागद लिहिला. फोन कापाले एक बोट पुरते. कागद फाडाच्या आधी माणूस दोन ओळी वाचूनच टाकते. मी चौथीपर्यंतच शिकली, काना-मात्रा इकडची तिकडे झाली असन त समजून घ्या.

तुमच्या पोरीसाठी काही मागाले लिहित नाही. काम लोखंडाचं आहे.

आमच्या मच्छीमार संस्थेने मागच्या साली एक शिडाची नाव घेतली. नागपूरकडच्या कोण्या क्लबातून निघालेली, फायबरची. इंजिन नाही. आमचे चुलत सासरे जागेश्वरबुवा संस्थेचे अध्यक्ष, ते इंजिन लावू देत नाही, म्हणतात मच्छी भडकते. हवा असली की शीड, नसली की वल्हे. तलावाच्या पलीकडे पक्की सडक आहे, आरोग्याचं उपकेंद्र आहे, आन् आम्ही बाया रोवणीले जातो त्या धानाच्या बांध्या आहेत. पावसाळ्यात इकडचा नाल्यावरचा रपटा बुडते आन् मंग नावेशिवाय आमचं गाव म्हणजे बेट.

आता अडचण ऐका. नावेच्या माथ्याले, म्हणजे पुढच्या टोकाले, आमच्यात शेंदूर लावतात. तिथं बाईने पाय ठेवाचा नाही. गडी माणसं माथ्यावरून टणाटणा उड्या मारून चढतात. आम्ही चढावं बाजूने. नाव झुकते, हाताले काही लागत नाही. मागून चढावं म्हणलं त तिथं स्टीलच्या पायपाचा कठडा आहे, कमरेएवढा, गोल फिरलेला. लुगडं सावरून त्याच्यावरून टांग टाका. मी टाकते म्हणलं त अर्धं गाव हसाले उभं राहते.

मागच्या हप्त्यात एक बाई बाजूने चढता चढता पडली. नाव आन् घाटाच्या दगडाच्या मधात. नाव परत दगडाकडे येऊन राहिली होती. पिंटूने पाण्यात उडी मारून पाठीने नाव अडवली म्हणून बाई वाचली. गावातलीच आहे, तुम्हाले कायले सांगू कोण ते.

मंग संस्थेची बैठक झाली. बायांनी नावेत बसाचंच नाही असं ठरलं. झालं. कठडा राहिला, शेंदूर राहिला, बाया गेल्या. मी बैठकीत म्हणलं, "पावसात कोनाले कळा सुरू झाल्या त का तिले पोहून पाठवता?" बुवा म्हणाले, "जमुना, तू बस." मी बसली नाही. मंग ते म्हणाले, मागच्या कठड्यात नीट फाटक करून आण, मंग पाहू.

इथल्या वेल्डिंगवाल्याले आणलं. तो म्हणते नावेवरच कापतो, नावेवरच जोडतो. पिंटू त्याच्यावर धावला, फायबर पेटते म्हणून. आन् हे स्टील त्याच्या मशीनले धरत बी नाही. तुम्ही गोंदियाले दवाखान्याचे, जिन्याचे स्टीलचे कठडे करता असं मले रश्मीकडून, म्हणजे मले माहीत आहे.

फाटक घराच्या फाटकासारखं बाहेर उघडणारं पाहिजे. रुंदी म्हणाल त मी सरळ गेली पाहिजे, आडवी होऊन नाही. मी केवढी आहे ते तुम्ही पोलीस ठाण्यात पाहिलं आहे. पोरगी हरवली म्हणून तुम्ही लिहून देऊन राहिले होते, आन् मी ती पोरगी घेऊन दारात उभी होती.

हो का नाही ते कळवा.

जमुना


धिवरटोला
२६ मे २०२५

बुधराम इवाई,

तुमचा कागद आला नाही. पण आमच्या मच्छीच्या गाडीचा ड्रायव्हर योगराज गोंदियाच्या बाजारातून आला आन् म्हणाला, "काकी, तुमच्या इवाईने माले गाठलं. कठडा बोल्टावर आहे का जाम केला आहे, ते विचारलं. सुकाणू मधात आहे का बाजूले, ते विचारलं. आन् म्हनले, नावेवर कोनाले आग लावू देऊ नका, कठडा खोलून पाठवा." मी विचारलं, अजून काही बोलले? तो म्हणते, नाही, चहा बी पाजला नाही.

ठीक आहे. चहा नाही पाजला, बोल्ट त विचारले. मी देवाजवळ दिवा लावला, खोटं कायले बोलू.

ज्याने बोल्ट विचारले त्याने हे बी ऐकावं. पडलेली बाई म्हणजे रश्मी.

तिने मले शपथ घातली होती, बाबाले सांगाचं नाही. मी ती शपथ मोडून राहिली. पाप लागलं त माझ्या डोक्यावर. आन् ती पोटुशी आहे. सातवा सरला. पडली तेव्हा सातवा सुरू होता. पोटाले काही झालं नाही. अर्जुनीले नेऊन मशीनवर पाहिलं, लेकरू हात-पाय हालवून राहिलं होतं. रश्मी तिथं रडली नाही. घरी आल्यावर रात्रीचा भात टाकता टाकता रडली, भात करपला, आम्ही तसाच खाल्ला.

दिवस भरतात ऐन पावसाळ्यात. रपटा तेव्हा असणारच नाही. म्हणजे नावेत बसाले बाईले मनाई असली त माझ्या सुनेले घरीच बाळंत व्हा लागन. आन् मनाई उठवली तरी त्या बाजूने मी तिले पुन्हा चढू देत नाही. तिची माय जिवंत असती त तिने बी हेच म्हणलं असतं. म्हणून तुमच्या दारात कठडा पाठवला. दुसऱ्या कोणाच्या दारात पाठवाचा, सांगा.

आमच्या ह्यांनी, केवळरामने, कठडा मच्छीच्या गाडीत टाकून स्वतः आणून दिला. येऊन म्हणाले, कारखान्यात कोणी नव्हतं, कामावरच्या माणसाजवळ ठेवून आलो. मंग जेवता जेवता म्हणाले, "इवाईच्या चपला दारात होत्या." मी म्हणलं, मंग आवाज काऊन नाही दिला? म्हणाले, लपलेल्या माणसाले कायले लाजवाचं.

आमचे हे असे आहेत. मी असती त मशीनच्या मागून ओढून काढलं असतं.

कठड्याले मच्छीचा वास येईन. धुऊन घ्या.

जमुना


धिवरटोला
१९ जून २०२५

बुधराम इवाई,

फाटक आलं. कठडा नावेवर बसला. एकाही बोल्टाचं भोक बदलावं लागलं नाही, पिंटू म्हणते जसा गेला तसाच आला, मधात फक्त दार घेऊन आला.

आधी माझी तक्रार ऐका. मी बाहेर उघडणारं मागितलं होतं, तुम्ही आत उघडणारं केलं. आत उघडते त जागा खाते, टोपल्या सरकवा लागतात. मी योगराजले म्हणलं, इवाईने वाचलंच नाही वाटते. तो म्हणाला, वाचलं आहे, निरोप दिला आहे, पाण्यात बाहेर उघडणारं दार ठेवत नाहीत, काकीले म्हणा शिव्या देऊन घ्या. मंग दिल्या.

बाकी कामाले नाव ठेवाले जागा नाही. पाईप कापला त्याच्या दोन्ही अंगाले तुम्ही नवे खांब दिले, तिरपा आधार दिला. आमच्या ह्यांनी आपलं सगळं अंग टाकून हालवून पाहिलं, हालला नाही. दार सोडलं की आपोआप लागते आन् कडी आपल्याच वजनाने पडते. कडी वर उचलल्याशिवाय दार सरकत नाही, शेळीने डोकं मारलं तरी नाही. शेळी आम्ही खरंच बसवून पाहिली. खाली दुमडणारी पायरी बी दिली, ती मी मागितली नव्हती. आन् कठड्याच्या आतल्या अंगाले एक मूठ लावली, डावीकडे, खाली. ती बी मागितली नव्हती.

सगळ्या बायांनी त्या मुठीले नावं ठेवली. भलतीच खाली आहे म्हणे, उलट्या बाजूले आहे म्हणे. मी बी म्हणलं, इवाईचा हात चुकला. मंग रश्मी आली. घाटावर उभी राहून तिने डावा हात पुढे केला, आन् तो सरळ मुठीवर गेला. ती डावखुरी आहे हे मले लग्नाच्या दिवशी वाढताना कळलं होतं, मंग मी विसरून गेली. तुम्ही विसरले नाही. ती मूठ धरूनच उभी राहिली. मंग म्हणाली, "आई मेल्यावर बाबाच माझी वेणी घालत. उलट्या बाजूने घालत, माले सोपी पडावी म्हनून." एवढंच म्हणाली आन् घरी गेली.

इवाई, मले आभार मानाची सवय नाही. आमच्यात इवाईची फजिती कराची रीत आहे, आभाराची नाही. तुमचं काम पाहिलं आन् माझ्या तोंडात शिवी आली नाही, यातच समजून घ्या.

आता जे सांगते त्याले हसू नका. किंवा हसा, तुमचा हक्क आहे.

मले एवढा आनंद झाला का मी फाटकाची पूजा घातली. नारळ फोडला. बाया जमवल्या. हळद-कुंकू लावलं, आन् पायरीवर तेलात शेंदूर कालवून स्वस्तिकाचा सातिया काढला, मोठा, चांगला. बुवाने बी हात जोडले. मंग मी म्हणलं, चला, चढा. आन् बुवा म्हणाले, "कोन चढते? शेंदूर लागला. आता हा बी माथाच झाला."

सगळ्या बायांनी पाय मागे घेतले. मी बी घेतला. हसू नका म्हणलं ना.

पावसाने धुऊन जाईन म्हणलं त तेलातला शेंदूर स्टीलले बसला आहे, जात नाही. घासून काढाले कोणाचा हात धजत नाही. देवाले घासणीने घासाचं कसं? तुमचं फाटक घाटावर उभं आहे, गावातला प्रत्येक माणूस येता-जाता त्याले पाया पडते, आन् चढत कोणी नाही. बाया पुन्हा घरी. रश्मीले नववा लागला.

तुमच्या हाताने झालं तेवढं सगळं नीट झालं. बिघडवलं ते मी. पण तुम्ही काळजी करू नका, काढते मी यातून मार्ग.

जमुना


धिवरटोला
२७ जुलै २०२५

बुधराम इवाई,

पहिल्यांदा हे वाचा. तुम्ही आजोबा झाले. पोट्टी आहे. रश्मी चांगली आहे, जेवून राहिली, रागावून राहिली, सगळं करून राहिली. आता बसा आन् बाकीचं सावकाश वाचा.

दोन दिवसांपासून पाणी लागून होतं. रपटा सकाळीच बुडाला. दुपारी पाऊस थांबला आन् रश्मीचं पोट दुखाले लागलं. आशाताईने फोन करून पलीकडे गाडी बोलावली. पलीकडे म्हणजे तलावाच्या पलीकडे.

आम्ही घाटावर गेलो त सगळं गाव हजर. बुवा बी. नाव मागच्या अंगाने घाटाले लावलेली, फाटक आमच्याकडे, आन् पायरीवर माझा सातिया, जसाच्या तसा. बुवा म्हणाले, रश्मीले बाजेवर झोपवू, चार गडी धरून कठड्यावरून उचलून देतील. घाट ओला, शेवाळ, आन् चार गडी कोण, त एक आमचे हे, त्यांचे गुडघे उठता-बसता वाजतात. रश्मी बाज पाहून म्हणाली, "मी अशी जात नाही. मी पायाने चढीन, माझ्या बाबाने पायरी केली आहे."

तिले कळ आली. ती माझ्या खांद्याले धरून वाकली. इवाई, मी गावात भल्याभल्यांशी भांडली, पण देवाशी भांडाची मले भीती वाटते. तरी बोलली.

मी म्हणलं, "बुवा, गणपती बसवता तेव्हा तो कोन?"

"देव."

"आन् बुडवल्यावर?"

"बुडवल्यावर माती. पन नीट निरोप देऊन बुडवा लागते."

"मंग द्या निरोप. पायरी पाण्यालेच लागून आहे."

म्हातारा वाईट नाही, अडेल आहे. गणपती दरसाल तेच बुडवतात, दुसऱ्याले हात लावू देत नाहीत. त्यांनी धोतर वर खोचलं, गुडघाभर पाण्यात उतरले, पायरी दोन्ही हातांनी खाली दाबली, पाण्यात बुडवली, वर काढली. तीनदा. तिसऱ्यांदा सवयीने त्यांच्या तोंडातून निघून गेलं, पुढच्या वर्षी लवकर या. आन् मागून साऱ्या गावाने सवयीने म्हणलं, मोरया. कोणीतरी हसलं. मंग सारेच हसले. रश्मी कळ देता देता हसली. असं बाळंतपण मी पाहिलं नाही.

शेंदूर तसाच होता बरं का. पाण्याने काही गेला नाही. पण बुवांनी त्याच्यावर आपला ओला तळवा ठेवला आन् म्हणाले, "आता हे लोखंड झालं. चढ पोरी."

तिने डावा हात मुठीवर ठेवला आन् चढली. कोणाचा हात मागितला नाही. नाव हालली नाही. मी मागून चढली, सरळ, आडवी न होता. दार आपोआप लागलं, कडी पडली.

पिंटूने शीड सोडलं. हवा चांगली होती, जरा जास्तच चांगली. तलावाच्या मधात वाऱ्याने एकदम दिशा बदलली आन् नाव आडवी झाली. मी रश्मीले सोडून दोरीले धरलं. कोणाले सांगू नका, पण मी तिले सोडलं, हात आपल्या मनानेच गेला. ती बसल्या जागेवरून मागे सरकली आन् सारं वजन घेऊन फाटकावर आदळली. दोन जीवांचं वजन.

फाटक आत उघडणारं होतं. बाहेर जाले त्याले वाटच नव्हती. कडी हालली नाही, खांब हालले नाहीत.

मी मागितलं तसं केलं असतं त मी आज हा कागद लिहित नव्हती.

तेवढंच सांगाचं होतं. ते लिहाले मले दोन दिवस लागले. तुम्ही माझं ऐकलं नाही, हे तुमचे उपकार आहेत. जिंदगीभर लोकांनी माझं ऐकावं म्हणून मी ओरडली, आन् ज्या एका माणसाने नाही ऐकलं त्याच्यामुळे माझ्या घरात आज लेकरू रडून राहिलं.

अर्जुनीच्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा दिवस होता, लेकरू झालं तेव्हा दिवेलागण झाली होती. पोट्टीले केस भरपूर आहेत. नाक आमच्याकडचं आहे, त्याले इलाज नाही.

आता बाया रोज त्याच फाटकातून रोवणीले जातात. गडी बी तिकडूनच चढाले लागले, माथ्यावरून उड्या मारणं बंद झालं. बुवा सगळ्यांच्या आधी येऊन कडी उचलून उभे राहतात, जसं काही त्यांनीच केलं.

जमुना


धिवरटोला
३० ऑगस्ट २०२५

बुधराम इवाई,

योगराजच्या गाडीतून तुमची थैली आली. डिंक, खारका, मेथी, गूळ, साजूक तूप. मच्छीच्या गाडीत तूप पाठवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला, पण डबा तुम्ही असा बांधला होता की वास शिरला नाही. हे सामान पोरीची माय पाठवते. तुम्ही कोण्या बाईले विचारून आणलं असन, दुकानात उभं राहून. लाज वाटली असन. तरी आणलं. मी लाडू वळले. रश्मीने पहिला लाडू हातात घेतला आन् खाल्ला नाही, ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी खाल्ला.

थैलीत कागद नव्हता. मी उलटी करून झटकून पाहिली. तुमचं बोलणं सामानातूनच असते, हे मले आता समजलं आहे. पण रश्मीले समजत नाही. तिले वाटते, बाबाने मूठ केली, तूप पाठवलं, पण तोंड दाखवलं नाही म्हणजे मनातून काढलं ते काढलंच. मी तिले समजवाले जाते आन् माझा आवाज चढते, मंग ती म्हणते, आई, तू राहू दे.

म्हणून आता ठरवून टाकलं. विचारत नाही, सांगून राहिली.

पहिलं बाळंतपण माहेरचं असते. ते आम्ही केलं, तुमचा हक्क मारला. आता सव्वा महिना होऊन गेला. येत्या बुधवारी अर्जुनीवरून गाडीत बसून आम्ही गोंदियाले येऊन राहिलो. रश्मी, पोट्टी आन् मी. पिंटू येत नाही, तुमच्या रागाले थोडी जागा ठेवली. रश्मी तुमच्याकडे महिनाभर राहीन. मी चार दिवस राहीन, पोट्टीले तेल कसं लावाचं ते तुम्हाले दाखवून परत येईन. चार दिवसांत आपलं भांडण होईन, ते होऊ द्या. भांडलो नाही त इवाई-ईन कसले.

चूल बंद असन त सुरू करून ठेवा. रश्मीले थंड पाणी देऊ नका. खोलीत तुमच्या मशीनचा आवाज येत असन त काही हरकत नाही, पोट्टी तलावाकाठची आहे, माणसांच्या ओरडण्यात झोपते.

घाईनं येण्याचं कारण एकच. ती आता तोंडं पाहाले लागली. जे तोंड समोर आलं त्याच्याकडे टक लावून पाहते आन् पाहता पाहता त्याले आपलं समजून टाकते. बुवाले समजलं, योगराजले समजलं. बकरीले बी समजलं. अजून पंधरा-वीस दिवस गेले की नवीन माणूस पाहून रडाले लागन, मंग तिले समजावून सांगा लागन की हा तुझा आजा. ते मी सांगणार नाही.

तुम्ही काही बोलू नका. तुम्हाले जमत नाही. फक्त तिच्या समोर बसा.

तुमची ईन,
जमुना